ओवीची बांधणी आणि वसईची मराठी

वसईचा किल्ला १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांच्या हातीं आला आणि दोन शतकांची पोर्तुगीज सत्ता तेथून उठली. त्या सत्तेच्या काळांत ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या घरांत मात्र वाडवळी, सामवेदी अशा मराठी बोलीच नांदत राहिल्या. परकी राजभाषेच्या छायेंत नव्या धर्माची कथा मराठी पद्यांत कशी उतरली, हें समजण्यास ओवीची बांधणी पाहावी लागते.

महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, अशी नोंद ११२९ च्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत आहे. पुढें ज्ञानेश्वरांनीं १२९० मध्यें तिच्याच आधारें गीतार्थ सांगितला. ओवीचे पहिले तीन चरण एका यमकानें बांधलेले असतात. चौथा चरण आंखूड आणि यमकापासून मोकळा. म्हणून तिला साडेतीन चरणांची म्हणतात. तीन यमकांनीं कानाची अपेक्षा वाढते, चौथ्या चरणांत ती विसांवते आणि कथा पुढें सरकते.

गणवृत्तांत लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो. तेथें जेरुसलेम, नाझरेथ अशीं परकी नांवें बसवावयाचीं तर कवीची ओढाताण व्हावी. ग्रंथांतील ओवीला अक्षरांची ठराविक संख्या नाहीं. यमक सांभाळलें कीं चरण लांबविण्याची मुभा कवीला मिळते. ही लवचीकताच नव्या कथेच्या उपयोगीं पडली.

इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांत १०,९६२ ओव्या आहेत. १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या पुन्हां आवृत्त्या निघाल्या. उत्तर कोंकणच्या लोकभाषेंतही फ्रान्सिस्को वाझ द गिमाराईश यांचें पद्यपुराण १६५९ मध्यें प्रसिद्ध झालें.

देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम गोव्याच्या शासनानें १६८४ मध्यें काढला. पण ओवीला शासनाचा आश्रय कधींच लागला नव्हता. ती कांडणाच्या मुसळाबरोबर घरांत वाढलेली होती. जी भाषा घरांत बोलली व गाइली जाते, ती हुकुमानें पुसली जात नाहीं.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्यें उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चार शतकांपूर्वीं परदेशी धर्मगुरूनें मराठी शिकून ओवी रचली. आतां त्याच धर्माचा एक मराठी पुत्र साऱ्या मराठी सारस्वताच्या अग्रभागीं बसला. छंदाला धर्म नसतो, भाषा मात्र असते.