पऱ्हाटीची भुकटी : जैवप्लास्टिकचा नवा आधार

कनेरगाव नाका (जि. हिंगोली) : मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवरील, हिंगोली-वाशीम मार्गालगतच्या कनेरगाव नाका परिसरात सोयाबीन, तूर व कापूस ही खरिपाची नेहमीची पिके. मळणीनंतर सोयाबीनचे कुटार जनावरांपुढे जाते, तुराट्या कुडासाठी आणि सरपणासाठी राखल्या जातात. कपाशीच्या पऱ्हाटीचा मोठा हिस्सा मात्र पेटवून दिला जातो. हेक्टरी सुमारे २ ते ३ टन निघणारी ही पऱ्हाटी ज्या घटकामुळे चिवट असते, तोच घटक वनस्पतीजन्य प्लास्टिक टिकाऊ करण्यास उपयोगी पडतो.

जैवप्लास्टिकची उणीव

ऊस, मका यांतील साखर वा स्टार्च आंबवून लॅक्टिक आम्ल मिळते व त्यापासून पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे ‘पीएलए’ हे प्लास्टिक तयार होते. पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजने उभारलेल्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी लागू केली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापराच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तेव्हापासून अशा पर्यायांकडे उद्योगांचे लक्ष वाढले आहे.

तथापि पीएलए महाग असून ठिसूळ आहे. सुमारे ६० अंश सेल्सिअसला ते मऊ पडते. वितळविताना त्यात थोडाही ओलावा राहिल्यास रेणूंच्या साखळ्या तुटतात व माल कमकुवत होतो.

लिग्निनचे कार्य

प्लास्टिकमध्ये मिसळल्या जाणाऱ्या भुकटीला उद्योगात ‘फिलर’ म्हणतात. खडूची भुकटी हा त्याचा परिचित प्रकार. पिकांच्या अवशेषांची भुकटी प्लास्टिकची बचत करते आणि त्यातील सेल्युलोजचे तंतू त्याला ताठपणा देतात. याखेरीज पऱ्हाटी, बगॅस व भाताचे तूस यांत लिग्निन असते. उष्णता आणि ऊन यांमुळे प्लास्टिकमध्ये मुक्त मूलके निर्माण होऊन साखळ्या तुटू लागतात. लिग्निनमधील फिनॉल गट ही मूलके निष्प्रभ करतात, तर लिग्निन स्वतः अतिनील किरण शोषून घेते. गव्हाच्या कोंड्यातील फेरुलिक आम्लाचे कार्यही असेच आहे. त्यामुळे रासायनिक स्थिरकारकांचा काही भार हे अवशेष उचलू शकतात.

प्रक्रिया आणि मर्यादा

अवशेष स्वच्छ करून बारीक दळावे लागतात व कडक वाळवावे लागतात. त्यानंतर दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडर यंत्रात ते वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळून त्याचे दाणे पाडले जातात. वनस्पतीजन्य तंतू २०० अंशांच्या आसपास करपू लागतात. पीएलए त्याहून कमी तापमानाला वितळते, म्हणून ही जोडी जमते.

उणिवाही आहेत. तंतू पाणी शोषतात, तर पीएलए पाण्याशी फारसे सख्य राखत नाही. त्यामुळे दोन्ही घट्ट बांधणारे जोडद्रव्य लागते. भुकटीचे प्रमाण फार वाढल्यास वस्तू लवकर तडकते. लिग्निनमुळे माल तपकिरी होतो, म्हणून पारदर्शक वेष्टनाला ते चालत नाही. भाताच्या तुसातील सिलिका यंत्राचे स्क्रू झिजविते. रोपांच्या कुंड्या, ट्रे अशा वस्तूंसाठी मात्र हे मिश्रण सोयीचे ठरते. वापरानंतर पीएलए शेतातील उकिरड्यावर सहज कुजत नाही, त्यास सुमारे ५८ अंश तापमानाचे औद्योगिक कंपोस्टिंग लागते, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

शेतकऱ्याचा लाभ कशात?

मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याचे तंत्र विकसित केले. पऱ्हाटी हलकी, पण जागा व्यापणारी असल्याने गोळा करणे, तुकडे करणे व वाहून नेणे यांचा खर्च अशा प्रत्येक उद्योगात निर्णायक ठरतो. शिवाय गुलाबी बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढावी लागते, ती महिनोन्‌महिने रचून ठेवणे धोक्याचे असते. गावातच तुकडे करण्याची सोय झाल्यास वाहतूक सोपी होते आणि जाळण्याची वेळ टळते.

सोयाबीनचे कुटार मात्र आधी जनावरांचे व जमिनीचे. ते सरसकट कारखान्याकडे वळविल्यास चाऱ्याची टंचाई आणि सेंद्रिय कर्बाचा ऱ्हास हे दोन्ही प्रश्न वाढतील. जी पऱ्हाटी एरवी आगीत जाते, तिच्यापासूनच आरंभ करणे अधिक हिताचे ठरेल.