मासेमारीच्या सहलीत गळ टोचला तर: प्रथमोपचार आणि आधीची तयारी

वाशीमजवळचा एकबुर्जी प्रकल्प, कारंजा तालुक्यातील अडाण धरण किंवा पैनगंगेचा काठ, इथे गळ टाकून बसणारे अनेक जण आहेत. आता काही कुटुंबे गाईड घेऊन हिमाचलमधील तीर्थन नदीवर ट्राउट किंवा उत्तराखंडातील रामगंगेवर महाशीर पकडायलाही जातात. अशा ठिकाणी ‘फ्लाय फिशिंग’ केले जाते. त्यात पिसे-धाग्यांनी किड्यासारखा सजवलेला हलका गळ लांब दोरीने डोक्यावरून मागे-पुढे फिरवून पाण्यावर टाकतात. त्यामुळे गळ बोटांप्रमाणेच कान, मान, चेहरा आणि डोळ्यालाही लागू शकतो. दवाखाना काही तासांच्या अंतरावर असेल, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करता यावर बरेच अवलंबून असते.

गळ ओढून का काढू नये?

गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो. आत जाताना तो सहज जातो, पण सरळ मागे ओढला की मांस फाडतो. बोटात नस, शीर किंवा स्नायूबंध दुखावला, तर बोटाची हालचाल कायमची कमी होऊ शकते.

लगेच काय करावे?

- तंगूस किंवा दोरी गळाजवळ कापा, म्हणजे झटका बसणार नाही.
- गळाला मासा किंवा आमिष असेल तर गळ न हलवता वेगळे करा.
- जखमेभोवतीचा भाग साबण आणि पिण्याच्या पाण्याने धुवा. नदीचे पाणी वापरू नका.
- हळद, चुना, तंबाखू लावू नका.
- गळ हलणार नाही अशी सैल पट्टी बांधून दवाखान्यात जा.

दवाखाना फार लांब असेल तर

एकेरी, लहान गळ फक्त कातडीत वरवर रुतला असेल, तर प्रशिक्षित गाईड दोरीची पद्धत वापरू शकतो. गळाच्या वळणाला मजबूत दोरी अडकवतात. गळाची दांडी कातडीला समांतर ठेवून तिचे मागचे टोक खाली दाबतात. त्याने उलटा काटा सुटा होतो. मग दांडीच्या रेषेत, मागच्या दिशेने, दोरीला एकच झटका देतात. गळ उडून बाहेर येतो, म्हणून समोर कोणी उभे राहू नये. चेहरा, मान, सांधा, खोल जखम किंवा तीन टोकांचा गळ असेल तर हा प्रयत्न करू नका.

डोळ्याला किंवा पापणीला गळ लागला तर

गळाला हातही लावू नका. डोळा चोळू नका, धुऊ नका, थेंब टाकू नका. गळाला स्पर्श होणार नाही असा कागदी कप डोळ्यावर ठेवून चिकटपट्टीने बसवा. डोके वर ठेवून रुग्णाला नेत्रशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात न्या. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नका. वेदना कमी आहे म्हणून उद्यावर ढकलू नका. उशिरामुळे दृष्टी जाऊ शकते.

धनुर्वात आणि जंतुसंसर्ग

जखम लहान दिसली तरी धनुर्वाताचा धोका असतो. लसीचे सुरुवातीचे डोस पूर्ण असतील, तर दर 10 वर्षांनी टीडीचा डोस घ्यावा. मातीने किंवा धरणाच्या पाण्याने मळलेल्या जखमेत, शेवटच्या डोसला 5 वर्षांहून अधिक काळ झाला असल्यास पुन्हा घ्यावा लागतो.

वरवरच्या जखमेला बहुधा प्रतिजैविक लागत नाही. मेडिकलमधून मनाने गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांना मात्र जखम नदी-धरणाच्या पाण्यात झाली हे आवर्जून सांगा, कारण त्या पाण्यातील काही जंतूंना वेगळे औषध लागते. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी जखम लहान असली तरी दाखवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असल्यास तेही सांगा.

तातडीने दाखवा

- लाली, सूज वेगाने पसरणे
- ताप, थंडी
- पू किंवा काळे पडणे
- बोट बधिर होणे किंवा न वाकणे
- काही आठवड्यांनीही न भरणारी गाठ

निघण्यापूर्वी

- प्रत्येकाने, काठावर बसणाऱ्या मुलांनीही, चष्मा किंवा गॉगल आणि टोपी वापरावी.
- उलटा काटा नसलेले गळ मागा, किंवा पकडीने काटा दाबून घ्या.
- गळ फेकणाऱ्याच्या मागे उभे राहू नका.
- टीडीचा डोस घरूनच घेऊन जा.
- मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या परतीला उशीर होईल असे धरून जास्त न्या.
- गाईडला तीन प्रश्न विचारा: जवळचे रुग्णालय किती तासांवर, गाडी कोठे, फोन कोठे लागतो? उत्तरे घरच्यांनाही सांगून ठेवा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे.

ही माहिती प्रथमोपचारापुरती आहे. गळ निघाला तरी जखम डॉक्टरांना दाखवावी.