मागची सीट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण घरगुती आहे. आमच्या घरी सध्या एक वाद चालू आहे, आणि ज्याच्यावरून वाद आहे ते प्रकरण अंगणात शेवग्याखाली उभं आहे. पांढरी कॉन्टेसा, १९९१ ची, साडेचार मीटरहून लांब. तिच्या नोंदणीची मुदत २०२६ मध्ये संपते. पहिली पंधरा वर्षं सरली की खाजगी गाडी दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन ती रस्त्यावर चालायच्या लायकीची आहे हे दाखवावं लागतं. २००६, २०११, २०१६, २०२१ असे चार उंबरे हिने ओलांडले. आता पाचवा. ताईचं म्हणणं, पुरे झालं, भंगारात घाला. अण्णा काहीच म्हणत नाहीत, आणि त्यांचं न बोलणंच मला जास्त जड जातंय. म्हणून म्हटलं, काय ते ठरवण्याआधी या गाडीचा इतिहास एकदा लिहून काढू. ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.

युरोपात 'ग्रँड टूरिंग' नावाचा गाड्यांचा एक खानदानी प्रकार आहे. दोन दारं, लांब नाक, मागे नावापुरती सीट आणि पोटात दणकट इंजिन. अशी दोन दारांची गाडी म्हणजे कूपे. सकाळी एका देशातून निघायचं आणि रात्रीचं जेवण दुसऱ्या देशात घ्यायचं, तेही अंग न आंबता. पैसेवाला माणूस ती स्वतःच्या हाताने चालवतो, कारण सगळी गंमत चालवण्यातच आहे. ही जात आमच्या बीडकडे कधी फिरकली नाही. रस्ते खराब होते, पैसा नव्हता, परदेशी गाडीवर जबर कर होता, हे सगळं खरं. पण मला त्याहून मोठं कारण वेगळं वाटतं. आपल्याकडे मोठा माणूस मागे बसतो.

आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाने, महबूब अली खानने, १९११ च्या सुमारास एक रोल्स-रॉइस मागवली होती. पिवळ्या रंगाची, आणि मागच्या भागात चक्क सिंहासनासारखी उंच सीट. गाडी हातात यायच्या आधीच, १९११ मध्ये, तो वारला. पुढे ती सातव्या निजामाकडे गेली आणि मिरवणुकीपुरतीच बाहेर निघायची. आता ती हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली आहे. इंजिन इंग्लंडातलं सर्वोत्तम, आणि उपयोग अंबारीचा! हत्तीच्या जागी मोटार आली, एवढाच फरक. आणि हत्तीच्या मानेवर बसतो तो माहूत, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्याचं नाव कोणी विचारत नाही.

असो. कॉन्टेसाकडे येतो.

ही मुळात इंग्लंडची. व्हॉक्सहॉल कंपनीची व्हिक्टर ही गाडी १९७२ मध्ये तिकडे आली आणि त्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. तिचे साचे हिंदुस्थान मोटर्सने घेतले आणि १९८४ मध्ये बंगालात उत्तरपाड्याच्या कारखान्यातून कॉन्टेसा बाहेर पडली. गंमत म्हणजे व्हिक्टरचं आणि जर्मनीच्या ओपेल रेकॉर्डचं घराणं एकच, आणि त्या रेकॉर्डची दोन दारांची कूपेही निघत होती. म्हणजे आमच्या अंगणातल्या म्हातारीची एक चुलत बहीण युरोपात कूपे म्हणून फिरलेली आहे. इकडे आली ती चार दारांची. दोन दारांची आणून करायचं काय? शेठजींनी पुढची सीट वाकवून मागे घुसायचं?

तिच्या आधी मोठेपणाची गाडी म्हणजे अ‍ॅम्बॅसिडर. १९५७ पासून तीच, दिवे आणि जाळी तेवढी बदलायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पण ती पडली लहान कुटुंबाची गाडी. कॉन्टेसा मात्र दिसायलाच दांडगी. फक्त सुरुवातीला तिच्यात घातलं होतं अ‍ॅम्बॅसिडरचंच दीड लिटरचं इंजिन, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. पैलवानाच्या अंगात तालमीच्या झाडूवाल्याचं काळीज. चढावर तिची फजिती व्हायची. मग ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या इसुझूचं इंजिन आलं, १८१७ सीसी, ८८ अश्वशक्ती, सोबत पाच गिअर. ही इंजिनं इंदूरजवळ पीथमपूरला बनायची. आमची गाडी यातली आहे.

'आमची' म्हणायची मला आता सवय झाली. १९९१ मध्ये ती आमची नव्हती. बीडच्या एका जिनिंगवाल्या शेठजींनी ती घेतली होती आणि अण्णा त्यांच्याकडे ड्रायव्हर होते. पगार महिना नऊशे रुपये, दिवाळीला एक सफारीचं कापड. आधी आठ वर्षं त्यांनी मालकांची अ‍ॅम्बॅसिडर चालवली होती. नवी गाडी पुण्याहून आणायला दोघं गेले आणि रात्री अकराला परत आले. ते येणं मला आठवतं. मी आठ वर्षांचा होतो. अण्णा मालकांच्या वाड्यावर गाडी लावून चालत घरी आले आणि आईला म्हणाले, "पाचवा गिअर टाकला की आवाजच बंद होतो गं. नुसता वारा." जेवायचं सोडून हे सांगत होते.

अण्णांनी एक वही ठेवली होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. तारीख, निघताना आणि आल्यावर किलोमीटर, पेट्रोल, गाव. मालकांचा हिशोबनीस रोज सही करायचा. या निबंधाचं, निबंध म्हणायचं तर, ते माझं साधन. किती वेळा मुंबई! तेव्हा बीडला रेल्वे नव्हती (ती यायला २०२५ चा १७ सप्टेंबर उजाडावा लागला). मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, आष्टी, कडा, नगर, मग आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण. साधारण चारशे किलोमीटर, आणि रस्ता बहुतेक एकेरी. पहाटे चारला निघून दुपारी मंत्रालयात मालकांना सोडायचं, आणि काम झालं की त्याच रात्री परत. मालक मागे डाव्या बाजूला. नगर यायच्या आत घोरायला लागायचे.

आता बघा. ज्याला युरोपात ग्रँड टूरिंग म्हणतात ते दुसरं काय असतं? लांबचा पल्ला, भरवशाचं इंजिन, घाट, पहाट, आणि स्टिअरिंगवर हात. पैसे मालकांनी मोजले, पण ती जी काय चीज आहे ती अण्णांनी अनुभवली. माळशेजमध्ये पावसाळ्यात धुक्यातून वर येताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कशी गुणगुणते, हे मालकांना कधीच कळलं नसणार. अण्णांना विचारलं तर म्हणतात, "मागं बसून काय दिसतं? पुढच्याची टाळू."

हे लिहिताना मला जरा भीतीही वाटते. नऊशे रुपयांत राबणाऱ्या माणसाला 'मजा तर तूच केलीस' म्हणणं ही मालकांच्याच सोयीची गोष्ट आहे. मंत्रालयासमोर सात-सात तास गाडीत बसून राहणं, डबा आंबणं, घरी कोणी आजारी असलं तरी निघणं, हेही त्याच वहीत आहे. फक्त त्याला रकाना नाही.

एक पान मात्र वेगळं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हादरा आमच्याकडेही लागला, लोक रस्त्यावर आले होते. वहीत २ ऑक्टोबरला लिहिलंय: 'किल्लारी. भाकरी, चादरी. मालक आले नाहीत.' गल्लीगल्लीतून भाकरी गोळा केल्या होत्या, आमच्या आईनेही पायलीभर ज्वारीच्या थापल्या. मालकांनी स्वतः सांगितलं, गाडी घेऊन जा, सीट खराब झाली तरी चालेल. केज, अंबाजोगाई, लातूर, औसा. मागच्या सीटवर छतापर्यंत भाकरीची गाठोडी. तिथे काय पाहिलं ते अण्णांनी कधी सांगितलं नाही. परतीच्या किलोमीटरचा रकाना कोरा आहे, संबंध वहीत तेवढा एकच. ज्या शेठजींविषयी पुढे मी वाईट लिहिणार आहे त्यांची ही बाजूही लिहिली पाहिजे.

१९९३ मध्येच मोटारी बनवण्यावरचं परवान्याचं बंधन उठलं आणि दोन-तीन वर्षांत सिएलो, एस्कॉर्ट, अ‍ॅस्ट्रा रस्त्यावर दिसू लागल्या. अ‍ॅस्ट्रा ओपेलची, म्हणजे पुन्हा चुलत घराणंच! कॉन्टेसा एका रात्रीत म्हातारी झाली. लिटरला आठ-नऊ किलोमीटर देणारी गाडी कोण पाळणार? २००२ मध्ये ती बंद पडली, २०१४ मध्ये उत्तरपाड्याचं कामही थांबलं, आणि २०२२ मध्ये कंपनीने 'कॉन्टेसा' हे नावसुद्धा विकून टाकलं.

मालकांचा धंदाही त्याच सुमारास बसला. अण्णांचा चौदा महिन्यांचा पगार थकला होता. १९९९ मध्ये एक दिवस मालकांनी किल्ली पुढे केली, "ही घेऊन जा." बक्षीस की पगार, हे कोणी बोललं नाही. अण्णा आजही म्हणतात, दिली. आई म्हणायची, गळ्यात मारली. रोख पैशांवर ताईच्या डी.एड.ची फी भरायची होती, ती राहिली आणि ताईचं एक वर्ष वाया गेलं. ताईचा गाडीवरचा राग इथला आहे, पेट्रोलचा नाही. तो राग योग्य आहे, हे मला आज जाहीर लिहायचंय.

त्या दिवशी आई म्हणाली होती, "हत्ती परवडला. तो निदान ऊस खातो."

मग गाडीने स्वतःचं पोट भरलं. लग्नसराईत नवरदेवाची गाडी म्हणून ओळखीपाळखीत जाऊ लागली. भाडं घेणं नियमात बसत नव्हतं म्हणून अण्णा त्याला 'आहेर' म्हणत. झेंडूच्या माळा, बॉनेटवर चिकटपट्टीने लावलेला मोर. ताईची पुढच्या वर्षीची फी त्यातूनच गेली. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, लोकांनी एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभर बातमी झाली. मराठवाड्याला मागास म्हणता का, असा तो रोख होता. त्यानंतर आमच्याकडेही नवरदेवाला कॉन्टेसा पुरेना, आणि आहेर आटला.

तेव्हापासून ती माझ्या पगारावर आहे. कोरड्या हवेमुळे पत्रा गंजत नाही, हे बीडचे उपकार. पण बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये चुना धरतं, म्हणून आम्ही पावसाचं पाणी कॅनमध्ये साठवतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षी तीन महिने गाडी धुतली नाही, आणि आरटीओत तशीच मळकी नेली. दारांचे रबर, मागचे दिवे जुन्या बाजारात शोधावे लागतात. मिस्त्री एकच उरलाय, तोही म्हणतो माझ्यानंतर बघा तुमचं तुम्ही.

आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचे रबरी पाइप त्याने फुगतात, चिरतात, आणि ते हवेतली ओलही धरतं. गेल्या वर्षी मी पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा बदलला. इथेनॉल येतं काही अंशी उसापासून, आणि तो ऊस तोडायला दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आमच्याच जिल्ह्यातली माणसं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आई असती तर तिला सांगितलं असतं, हत्ती अखेर ऊस खायला लागला.

राहिला पैशांचा प्रश्न. नोंदणी नूतनीकरणाची फी मोटारीसाठी २०२२ पर्यंत सहाशे रुपये होती, मग पाच हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. पन्नास वर्षांची झाली की सरकार तिला 'व्हिंटेज' म्हणून मान देतं. म्हणजे आमच्या गाडीला २०४१ मध्ये. तोवर ती वारसा नाही, नुसतीच जुनी. पुण्याहून एक गृहस्थ बघून गेले, पैसे बरे देतायत. त्यांनी मागची सीट पाहिली आणि खूश झाले, मूळ कापड आहे म्हणून. आहेच. डाव्या बाजूला मालकांनी पाडलेला खोलगट भाग सोडला तर ती नव्यासारखी आहे, आम्ही कोणी तिथे फारसे बसलोच नाही. ड्रायव्हरची सीट तीनदा भरून घेतलीय.

अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. एका डोळ्याला दिसत नाही, पाच वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच किल्ली माझ्याकडे दिली. गेल्या रविवारी म्हटलं, चला. मागचं दार उघडून धरलं, तर माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ वळसा घालून पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. पालीच्या धरणापर्यंत गप्प. चौपदरी रस्त्यावर पाचव्यात गाडी खरंच नुसता वारा होते. घाट लागला. पुढे एक उसाचा ट्रक रांगत होता. अण्णांचा डावा पाय रबरी मॅटवर हलला.

"तिसरा घे," ते म्हणाले.

मी घेतला. येत्या सोमवारी दहा हजार भरून येतोय. ताई, आता फोन कर.