मीरतच्या मातीतील वराह

दिल्लीच्या ईशान्येस असलेल्या मीरतच्या परिसराने मानव आणि डुक्कर यांच्या संबंधाची दोन टोके पाहिली आहेत. दोन्ही ठिकाणी निमित्त एकच: चरबी.

पहिले टोक स्वयंपाकाच्या मडक्यात सापडते. हिंडन नदीकाठच्या आलमगीरपुरास १९५८-५९ मध्ये झालेल्या उत्खननात सिंधू संस्कृतीची वस्ती उजेडात आली. हे गाव आणि हरियाणातील राखीगढी, फरमाणा इत्यादी स्थळे यांच्या खापरांत मुरलेल्या स्निग्धांशाचे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. अनेक खापरांत डुकराच्या चरबीशी जुळणारे अंश आढळले. चार हजार वर्षांपूर्वीच्या या चुलींना तो प्राणी वर्ज्य नसावा.

त्यात नवल नाही. डुक्कर दूध देत नाही, नांगर ओढत नाही. परंतु उष्ट्याखरकट्यावर झपाट्याने वाढते आणि एका वेतात अनेक पिले देते. गरिबाला याहून स्वस्त पशुधन कोणते? मात्र ज्या गुणाने ते उपयोगी ठरले, त्यानेच ते तिरस्करणीय झाले. मनुस्मृतीने गावडुकराचे मांस निषिद्ध मानले, पण श्राद्धात रानडुकराचे मांस पितरांना तृप्त करते असे म्हटले. भेद होता तो अरण्याचा आणि उकिरड्याचा! पुढे नवव्या शतकात कनोजचा प्रतिहार राजा भोज याने ‘आदिवराह’ हे बिरुद धारण करून नाण्यांवर वराहमूर्ती कोरविली.

दुसरे टोक १८५७ चे. काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावली आहे, या समजाने हिंदू आणि मुसलमान शिपाई सारखेच अस्वस्थ झाले होते. २४ एप्रिल रोजी मीरतच्या कवायतीत ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली. ९ मे रोजी सर्वांसमक्ष त्यांच्या पायांत बेड्या ठोकण्यात आल्या, १० मे रोजी छावणी पेटली आणि ११ मे रोजी बंडवाले दिल्लीत पोचले. असंतोषाची कारणे खोल होती. ठिणगी मात्र चरबीची पडली.

या चार सहस्रकांत डुकराचा देह होता तसाच राहिला. बदलली ती माणसाची दृष्टी. ती केवळ पशूपुरती राहिली असती, तर इतिहासाला विशेष खंत नव्हती. पण डुकरे पाळून पोट भरणारी माणसेही गावकुसाबाहेर ढकलली गेली. गावाची घाण ज्यांनी उपसली, त्यांनाच गावाने घाण म्हटले. मीरतच्या मातीतले खापर सांगते की हा विटाळ सृष्टीने घातलेला नाही; तो माणसाने ठरविला, आणि म्हणून तो माणसालाच पुसता येईल.