रायपूर राणी ते रायपूर : मानसोपचार उंबरठ्यापर्यंत कसा आला

भारतातील मानसिक आरोग्याच्या इतिहासात ‘रायपूर’ हे नाव ठळकपणे येते, पण ते छत्तीसगडच्या राजधानीचे नाही. ते आहे हरियाणातील रायपूर राणी या लहानशा गावाचे.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने विकसनशील देशांसाठी एक प्रकल्प हाती घेतला. पुढे तो सात देशांत विस्तारला. त्याचे भारतातील क्षेत्र होते रायपूर राणी, आणि सूत्रे होती चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. नरेंद्रनाथ विग यांच्याकडे. मनोविकारतज्ज्ञ मूठभर आणि रुग्ण गावोगाव, अशा देशात प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि आरोग्यसेवक हे काम शिकू शकतील का, हा प्रश्न त्यामागे होता. उत्तर होकारार्थी आले. त्याच सुमारास बंगळूरजवळील सकलवारा येथेही असाच प्रयोग सुरू होता. या दोन्ही अनुभवांच्या पायावर १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला.

या पहिल्या टप्प्याचा भर तीव्र मनोविकार आणि अपस्मार ओळखून औषधे देण्यावर होता. संवादातून होणारा उपचार मात्र शहरातील तज्ज्ञांच्या खोलीतच राहिला. तो करण्यासाठी दीर्घ विद्यापीठीय शिक्षण अपरिहार्य आहे, असे मानले जात होते.

ही समजूत सैल करणारा एक धागा अमेरिकेतून आला. १९९६ साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरील बोधात्मक उपचाराचे घटक वेगवेगळे करून तपासले. रुग्णाला पुन्हा कृतीकडे वळवणारा साधा भाग एकट्यानेही संपूर्ण उपचाराइतकाच परिणाम साधतो, असे त्यांना आढळले. त्यामागील तर्क समजण्यास सोपा आहे. खिन्न माणूस माणसांतून आणि कामांतून अंग काढून घेतो. त्यामुळे समाधान देणारे अनुभव घटतात. अनुभव घटले की खिन्नता वाढते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडता येते. उपचाराचा गाभा इतका सुटसुटीत असेल, तर तो अधिक लोकांना शिकवता येईल, ही शक्यता यातून पुढे आली.

तिची कसोटी गोव्यात लागली. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेतील संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ नैराश्यग्रस्त प्रौढांवर यादृच्छिक चाचणी केली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत हाच कृतिप्रधान उपचार दिला. तीन महिन्यांनंतर त्यांच्याकडील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. केवळ नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

त्याच काळात विदर्भात ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. शेतकरी आत्महत्यांच्या सावटाखालील अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्ते, समुपदेशक आणि तज्ज्ञ यांची साखळी उभारण्यात आली. सुमारे दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, ही या अभ्यासाची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. तरीही दार जवळ असेल तर लोक ते ठोठावतात, एवढे त्यातून दिसते.

आता छत्तीसगडच्या रायपूरकडे वळू. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निवडलेल्या बारा राज्यांत छत्तीसगड होते. नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत, असे त्या सर्वेक्षणाचे देशपातळीवरील अनुमान होते. आणि याच राज्यात २००२ पासून मितानिन कार्यक्रम चालू आहे. त्याच्या प्रशिक्षणाची धुरा रायपूरच्या राज्य आरोग्य संसाधन केंद्राकडे राहिली. छत्तीसगडी परंपरेत ‘मितान’ म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जन्माचा मित्र. मितानिन ही तशीच मैत्रीण. आज अशा ६० हजारांहून अधिक स्त्रिया वस्ती-पाड्यांवर आरोग्याचे काम करतात. २००५ नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेला याच कार्यक्रमाचा आधार होता.

संवादातून उपचार करण्यासाठी लागणारा विश्वास या स्त्रियांनी आधीच कमावलेला आहे. पण इतिहास एक इशाराही देतो. गोव्यातील यश केवळ सहृदयतेचे नव्हते. निवड, प्रशिक्षण, प्रत्येकाच्या कामाचे नियमित परीक्षण आणि गंभीर रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय, हे सारे त्यामागे होते. एवढा आधार आणि योग्य मोबदला न देता मितानिनीच्या झोळीत आणखी एक काम टाकले, तर ते विज्ञान ठरणार नाही. ते केवळ ओझे ठरेल.

दोन रायपुरांमधील हे अंतर सुमारे अर्ध्या शतकाचे आहे. तज्ज्ञाचे ज्ञान शेजारणीच्या हाती देता येते, हे आता चाचणीने सिद्ध झाले आहे. तिच्या पाठीशी व्यवस्था उभी राहते का, हे ठरायचे आहे.

(आपल्याला किंवा जवळच्या कुणाला मदत हवी असल्यास शासनाची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे.)