मुंबईच्या पडद्यावरचे ज्यू
राजूरकर मंडळी, हिटलरच्या राजवटीने साठ लाख ज्यूंचा संहार केला. हॉलिवूडने त्यावर १९९३ साली ‘शिंडलर्स लिस्ट’ काढला. आपल्या मुंबईने काय केलं?

बघा, नाझींपासून निसटलेला लेखक विली हास १९३९ मध्ये मुंबईला आला, भवनानींसाठी पटकथा लिहू लागला. म्हणजे छळाचा साक्षीदार स्टुडिओतच होता! तरी १९५८ मध्ये बिमल रॉय यांच्या ‘यहुदी’त ज्यूंचा छळ दिसला, तो प्राचीन रोममधला. २०२३ च्या ‘बवाल’मध्ये ऑशविट्झ आलं, पण नवरा-बायकोचा बिघडलेला संसार सावरायला. त्यावर ज्यू संघटनेने आक्षेप घेतला.

दुसऱ्याचं दुःख आपल्या गोष्टीत उपमा म्हणून वापरणं सोपं असतं. त्याची गोष्ट त्याचीच म्हणून सांगणं मुंबईच्या सिनेमाकडून अजून बाकी आहे.