सारंगाच्या दाखल्याची कुळकथा

कान्होजी आंग्र्यांच्या अंमलात कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजास आरमाराचे दस्तक घ्यावे लागे, आणि इंग्रजांशी त्यांचे जे दीर्घकाळ वितुष्ट राहिले त्याच्या कारणांत या दस्तकाचाही वाटा होता. परंतु तो कागद जहाजाच्या नावाचा असे. जहाज हाकणाऱ्या तांडेलास वारा, भरती-ओहोटी आणि खडकांच्या जागा कितपत अवगत आहेत, याविषयी त्यात अवाक्षर नसे. ती विद्या बापाकडून मुलाकडे जाई, आणि तिची परीक्षा प्रत्यक्ष दर्याच घेई.

माणसाच्या योग्यतेचा सरकारी दाखला हा पुढचा, आणि दुःखातून जन्मलेला प्रकार आहे. इंग्लंडात जहाजे वारंवार बुडू लागली तेव्हा पार्लमेंटने 1836 साली चौकशी-समिती नेमली, आणि सदोष बांधणीबरोबरच कप्तानांचे अज्ञान व मद्यपान हीही तिला कारणे आढळली. त्यानंतर 1850 च्या कायद्याने परदेशी जाणाऱ्या जहाजांवरील कप्तान व मेट (दुय्यम अधिकारी) यांना प्रमाणपत्र सक्तीचे झाले. आधीपासून चाकरीत असलेल्यांना त्यांच्या सेवेच्या आधारे, व नवोदितांना परीक्षेच्या आधारे, असे दोन प्रकारचे दाखले त्या कायद्याने ठेवले, यात मला मोठा विवेक दिसतो; कारण अनुभवाने मिळविलेली विद्या केवळ पुस्तकी परीक्षेअभावी अमान्य करणे हा अन्यायच ठरला असता.

हिंदुस्थानात नद्या व खाड्यांतून चालणाऱ्या आगबोटींसाठी 1884 साली आणि पुढे 1917 साली कायदे झाले. दुसऱ्या कायद्यात मास्तर, इंजिनियर व इंजिन-ड्रायव्हर यांच्या पंक्तीस सारंगाचा, म्हणजे लहान बोट चालविणाऱ्या देशी माणसाचा, दर्जा होता, आणि त्याच्या कौशल्यास स्वतंत्र सनद मिळत असे.

शिक्षणाची सोय मात्र विषम राहिली. मुंबईत 1927 साली ‘डफरिन’ हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले आणि 1972 साली त्याचा वारसा ‘राजेंद्र’ने घेतला, परंतु तेथे घडले ते मोठ्या जहाजांचे अधिकारी. लहान बोटींवरही शेकड्यांनी माणसे बसतात, याचे भीषण स्मरण 17 जुलै 1947 रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडून सहाशेंहून अधिक जीव गेले तेव्हा झाले. मच्छीमारांच्या वाट्याला शाळा आल्या त्या मागाहून: 1963 साली कोचीन येथे मासेमारी-नौकांवरील मेट व स्किपर घडविणारी केंद्रीय संस्था निघाली, आणि महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याने वर्सोव्यासारख्या केंद्रांतून नौकानयन व डिझेल इंजिनाच्या देखभालीचे सहामाही वर्ग चालविले.

1917 चा तो कायदा शतकाहून अधिक काळ टिकला. 2021 च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाने त्याची जागा घेतली, आणि खलाशांचे प्रशिक्षण, परीक्षा व दाखले यांची व्यवस्था देशभर एकसारखी करण्याचे योजिले. म्हणून नाशिकच्या इंदिरानगरातील, समुद्र क्वचितच पाहिलेल्या मुलासही हा व्यवसाय आता परका राहू नये. अशा मुलांची तोंडी परीक्षा मराठीतून व्हावी, आणि आधी काही काळ प्रत्यक्ष बोटीवर, जुन्या तांडेलाच्या हाताखाली काढल्यावाचून कोणासही दाखला मिळू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.